हौदाबद्दल कुणीच बोललं नाही

सोलापूरचा उन्हाळा आधी तळपायांना कळतो. सकाळी आठलाच गच्चीची फरशी चटका देते. मग नाकाला कळतो. कडुनिंबाचा मोहोर, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा पहिल्या बादलीला येणारा गंजका, लोखंडी वास. आमच्या मागच्या गल्लीतले यंत्रमाग बारा महिने खटखटतात, पण उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून ती खटखट सरळ घरात येऊन बसते. यंदा तिच्या जोडीला प्रचाराची रिक्षा आहे. भोंग्यातून काय बोलतात ते कळत नाही, कुणावर तरी चिडलेत एवढं कळतं. आणि रिक्षा पुढच्या चौकात गेली की फोन वाजायला लागतो. नात्यातल्या गटावर, निवृत्त शिक्षकांच्या गटावर, अगदी भिशीच्या गटावरसुद्धा प्रत्येकाकडे देशाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार आहे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकायची घाई आहे.

मी हल्ली फोन पालथा घालून ठेवते. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते. त्यातली निम्मी स्वतःबद्दलची असते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. निवृत्त झाले तेव्हा विद्याधरचा फोन आला. विद्याधर माझा कॉलेजातला वर्गमित्र, पुण्यात असतो. नोकरी सोडून त्यानं एक साईट काढली होती. राजकारण, समाज, शेती, शिक्षण यांवर लेख. जाहिरात नाही, कुठल्या पक्षाचा हात डोक्यावर नाही. "सुजा," तो म्हणाला, "लेख खूप येतात. प्रतिक्रिया बघायला माणूस नाही. तू बघ. शिवी दिसली की उडव, नाहीतर मंजूर कर. बाकी सगळ्यांना बोलू द्यायचं."

बोलू द्यायचं, हे मला फार आवडलं. मी गिरणी कामगाराची मुलगी. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावर संध्याकाळी एकच पेपर मोठ्यानं वाचला जायचा आणि वीस माणसं त्यावर भांडायची. त्या भांडणांना मी उगाच सोज्वळ करणार नाही. एकदा वादात एकानं माझ्या वडिलांच्या कपाळावर पितळी तांब्या फेकून मारला होता. पण ज्यानं मारला त्यानंच त्यांना सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, आणि टाके पडेपर्यंत दोघंही त्याच मुद्द्यावर भांडत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कोण जिंकलं?" वडील म्हणाले, "अजून ठरायचंय." ते मला नेहमी सांगायचे, वाद घाल, पण वाचून घाल. त्यामुळे विद्याधरचं काम मी आनंदानं घेतलं. कूलरसमोर खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, शेजारी माठ. मला वाटलं, कट्टाच तर आहे हा. फक्त मोठा.

त्या वर्षी चैत्र संपता संपता मंगलचा फोन आला. मंगल माझी जुनी विद्यार्थिनी. सांगोल्याच्या बाजूच्या एका गावात दिलेली, धनगराच्या घरची. वसतिगृहात राहून बारावी केलेली, शुद्धलेखनात वर्गात पहिली. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

"मॅडम, आमच्या मेंढ्यांना हौदावर पाणी पिऊ देईनात," ती म्हणाली.

गावाच्या कडेला बोअरशेजारी एक दगडी हौद होता. कैक वर्षं गावातली जनावरं आणि मंगलच्या सासऱ्याची, बिराआप्पांची मेंढरं त्यातच पाणी प्यायची. त्या साली बोअरचं पाणी खाली गेलं. सरपंचांनी हौदाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. म्हणणं असं की, पाणी माणसांनाच पुरेना, त्यात मेंढरं आली की लेंड्या करून घाण करतात. बिराआप्पांचं म्हणणं असं की, मेंढरू बोलत नाही म्हणून त्याला तहान नसते का? तीन कोकरं आठवड्यात मेली होती.

मी एस.टी.नं गेले. हौद पाहिला, काटे पाहिले. बिराआप्पा पिवळ्या पटक्याखालून डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. "लिवून काय हुतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चार लोकांना कळेल." ते म्हणाले, "चारच नगं. येकाला कळू द्या. त्या सरपंचाला."

परतताना एस.टी.च्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मनात वाक्यं जुळत होती. तो आनंद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. घरी आले, दोन दिवसांत लेख लिहून पाठवला. गावाचं नाव, हौदाची हकीकत, मेलेली कोकरं, सरपंचांचं पद. साधा लेख होता. शेवटी एक साधा प्रश्न होता: पाणी कमी असताना ते माणसांत आणि जनावरांत कसं वाटायचं?

पहिल्या दोन प्रतिक्रिया बऱ्या होत्या. दुसरीत एकानं लिहिलं, आमच्या गावात सकाळी माणसं आणि संध्याकाळी जनावरं अशी वेळ ठरवली होती. तिसरी प्रतिक्रिया आली: "लेखिकेचं आडनाव बघा, म्हणजे लेख का लिहिला ते कळेल."

तिथून पुढे हौद संपला.

माझ्या आडनावावर दोन दिवस गेले. मग 'एक जागरूक नागरिक' नावाचे गृहस्थ आले. लेखात दिलेली कोकरं खरंच मेली याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आरक्षणावर आले. त्यांना उत्तर द्यायला 'काळा खडक' आले. ते थेट शंभर वर्षं मागं गेले. जागरूक नागरिक आणखी मागं गेले. मध्येच एका बाईंनी मटण खाणाऱ्यांनी कोकरांसाठी रडू नये असं सुनावलं. त्यावर आहारावर भांडण लागलं. मग धर्मावर. मग कुठल्या पक्षानं कुणाला किती वर्षं फसवलं यावर. मी कूलरसमोर बसून वाचत होते. घामानं बोटं कळफलकाला चिकटत होती. दुपारी वीज गेली की माझा लॅपटॉप चालू राही आणि कूलर बंद पडे. त्या उकाड्यात मी अनोळखी माणसांचा राग पानामागून पान गिळत होते.

शिवी उडवायची, हा नियम होता. चार दिवसांत सगळ्यांना तो पाठ झाला. त्यानंतर त्यांनी एकही अपशब्द न वापरता एकमेकांच्या आयांचा, जातींचा, गरिबीचा उद्धार केला. व्याकरण निर्दोष. माझ्या वर्गात असते तर मी मार्क दिले असते. आणि मी मंजूर, मंजूर, मंजूर करत होते, कारण नियमात बसत होतं.

विद्याधरचा फोन आला. आवाजात लग्नघर होतं. "सुजा, साईट सुरू झाल्यापासून एवढी चर्चा झाली नव्हती. चारशेच्या वर गेल्या प्रतिक्रिया!"

"चर्चा कशाची चालू आहे, विद्या?"

"समाजाची. आपल्या काळाची."

"मला त्यात हौदाबद्दलची एक ओळ दाखव."

"अगं, हौद हे निमित्त असतं."

मी फोन कानापासून लांब धरला. निमित्त! बिराआप्पांच्या खांडात तेव्हा दीडशे मेंढरं होती, आणि ती सगळी त्या निमित्तापाशी जिभा बाहेर काढून उभी होती.

तिकडे गावात मात्र वेगळंच घडत होतं, ते मला नंतर कळलं. मारुतीच्या देवळापाशी सरपंच आणि बिराआप्पा बसले होते. तंबाखूची देवाणघेवाण झाली होती. सरपंच म्हणाले होते, "उन्हं उतरल्यावर आणा मेंढरं. पाणी पाजलं की तुमच्याच मानसांनी हौद धुवायचा. सोमवारी काटं काढतो." साधा, शहाणा तोडगा. आमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेत होता तसाच. चारशे लोकांना जे जमलं नाही ते दोन माणसांनी दगडावर बसून जमवलं होतं.

आणि रविवारी 'काळा खडक' यांची प्रतिक्रिया गावात पोचली. कुणीतरी तिचा फोटो काढून गावच्या गटावर टाकला होता. तिच्यात लिहिलं होतं की हा सरपंच पाणीचोर आहे, गरिबांच्या तोंडचं पाणी पळवून बापजाद्यांची सरंजामी चालवतो, आणि अशा माणसाला गावात मान वर करून फिरू देता कामा नये. शिवी एकही नव्हती. मीच मंजूर केली होती. दुपारी, वीज गेलेली असताना, अर्ध्या मिनिटात.

सरपंचांना वाटलं, हे बिराआप्पांच्या पोरांनी लिहिलं. सोमवारी काटे निघाले नाहीत. मंगळवारी ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि हौदात मुरूम ओतला.

त्या दिवशी मंगलनं आमच्या साईटवर लिहिलं. ते मला तोंडपाठ आहे. "मी मंगल. हा हौद माझ्या गावातला आहे. आज सकाळी तो मुरूम टाकून बुजवला. इथे जमलेल्या कुणाला पाण्याबद्दल काही सुचत असेल, तर कृपया सांगावे."

मी मंजूर केलं आणि वाट बघत बसले. मला खरंच वाटलं, आता तरी सगळे शरमतील. पहिलं उत्तर आलं: "हे खोटं खातं आहे. खेड्यातली बाई इतकं शुद्ध लिहीत नाही." दुसरं आलं: "मंगलताई, आधी तुमच्या समाजाच्या नेत्यांनी आजवर काय केलं ते सांगा, मग पाणी मागा." तिसरं उत्तर पहिल्या दोघांच्या भांडणाचं होतं.

इतकं शुद्ध लिहीत नाही! पोरीच्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मी दोन वर्षं तिच्या वह्या लाल केल्या होत्या. मी खुर्चीतून उठले, माठातलं पाणी तोंडावर मारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली.

सरपंचांच्या दारात चपला होत्या, आत पंखा चालू होता, आणि त्यांच्या घरच्या बाईंनी सांगितलं की ते शेतावर गेलेत. मी अर्धा तास उभी राहिले. मग मेंढरांच्या तळावर गेले. तिथे बांधाबांध चालली होती. घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्यांचा डालगा चढत होता. बिराआप्पा दरवर्षीपेक्षा महिनाभर आधीच उजनी धरणाच्या फुगवट्याकडे निघाले होते. तिकडे पाणी होतं.

"सरपंचांना काय सांगू?" मी विचारलं. "ते म्हणतात म्हणे, लेख काढून टाका. काढू का? मी काढायला लावते."

बिराआप्पा घोड्याचा कासरा ओढत होते. थांबले. "त्यात खोटं काय हाय का?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या की. लेख न्हाय नडला. त्येच्या खाली ज्यी जत्रा भरली, ती नडली." मग मंगलकडे बघत म्हणाले, "म्या हिला इचारलं, ह्ये समदे कोन हायत? ही म्हनली, लोकं हायत. म्या म्हनलं, येवडी लोकं हायत तर या की हितं. चार-चार घागरी वडा. दीडशे मेंढरं दुपारपातूर पिऊन मोकळी हुत्याली."

तो माणूस चिडून बोलत नव्हता. तेच सहन झालं नाही. मंगलच्या काखेत दोन दिवसांचं कोकरू होतं, पदराचं ओलं टोक ती त्याच्या तोंडात धरत होती. घोडा पुढे, मागे मेंढरांचा तो राखी लोंढा, त्यामागे धूळ. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर मी एकटी होते.

घरी येऊन मी लेखाखालच्या सगळ्या प्रतिक्रिया उडवल्या. चारशेच्या चारशे. त्या चांगल्या दोनसुद्धा. एक एक वाचून उडवायची ताकद नव्हती. मग चर्चा बंद केली आणि विद्याधरला कळवलं.

तो भयंकर चिडला. "तू लोकांचा आवाज दाबलास. आपणच हे केलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

"कुणाचा आवाज, विद्या? बोलत होती एक मंगल. तिला तुझ्या लोकांनी खोटी ठरवली."

"तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

"असतं. तू तत्त्वाकडे बघ. मला मेंढरं दिसतायत."

त्यानं फोन ठेवला. चाळीस वर्षांची मैत्री, त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मला त्याचं सगळंच चुकलं असं तेव्हाही वाटत नव्हतं, आजही नाही. माणसांना बोलू द्यायलाच हवं. माझे वडील कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेनिशी हेच सांगत मेले. पण बोलणं म्हणजे काय, हे आम्ही दोघांनीही ठरवलं नव्हतं. दार उघडं टाकलं होतं, आणि आत गर्दी झाली म्हणून खूश झालो होतो.

त्या वर्षी बिराआप्पांची पंधरा-वीस मेंढरं वाटेत गेली. बाकीची तगली.

या वर्षी चैत्रात पुन्हा मंगलचा फोन आला. दोन वर्षांनी. मी दचकलेच.

"मॅडम, महाराष्ट्र दिनाला ग्रामसभा आहे. मी हौदाचा विषय लेखी दिलाय. तुम्ही या. पण लिहायचं नाही काही. नुसतं या."

शाळेच्या वऱ्हांड्यात सभा होती. वर पत्रा तापलेला, खाली सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. सरपंच तेच, टेबलामागे, पांढरा सदरा, समोर पाण्याचा तांब्या. मंगल उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "गावातली गाई-म्हसरंबी आता लांब वड्याला न्यावी लागत्यात. हौद उकरायचा. सकाळी माणसांचं पाणी, उन्हं उतरल्यावर जनावरांचं. धुवायची पाळी लावायची. पहिला आठवडा आमचा."

एक जण उठून ओरडला, "तुमच्यामुळंच बुजला की त्यो! गावाची बदनामी केली!" दुसरा ओरडला. तिसरा उठला. मला घाम फुटला. मंगलनं पहिल्याकडे बघितलं. "बापूदाजी, बसा. माझं झालं की तुमी बोला. मी मधी बोलनार न्हाय."

आणि बापूदाजी बसले. का बसले कुणास ठाऊक. कदाचित तिनं नाव घेतलं म्हणून. कदाचित शेजारी त्यांची बायको बसली होती म्हणून. मग ते खरंच बोलले, दहा मिनिटं, रागानं, आणि मंगल मधे बोलली नाही. दोन तास चाललं. जातीचं निघालं, जुनी बांधाची भांडणं निघाली, कुणी कुणाच्या लग्नाला आलं नाही तेही निघालं. पण दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "ते ऱ्हाऊ द्या, हौदाचं बोला." शेवटी हात वर झाले. हौद उकरायचा ठरला. सरपंचांनी स्वतः वहीत लिहून घेतलं, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता.

चहा झाला. मला कुणी दिला नाही, मीही मागितला नाही. निघताना पाठीमागून आवाज आला.

"बाई."

सरपंच होते. आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर उभे होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तुमी लिवलंय, हौद पंचायतीनं बांदला."

"हो."

"पंचायत तवा नव्हतीच. माझ्या आज्यानं बांदला. दगड सोता वाहून आनलं. दुष्काळात त्यांचे दोन बैल तहानेनं मेलेवते, म्हनून. गावात समद्यांना म्हाईत हाय." त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, बोअरकडे होते. "मी त्यो लेख रोज वाचत हुतो. खालचंबी वाचत हुतो. सरंजामी म्हनं, बापजाद्यांची. येवड्या चारशे लोकांत येकानं म्हनावं, की ह्ये चुकलंय. न्हाय म्हनलं कुनी. आन् तुमी लिवायच्या आदी मला येक फोन केला नाय."

नव्हता केला. मी हौद पाहिला, काटे पाहिले, कोकरं मोजली, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या दारावरून एस.टी. पकडायला धावत गेले. वाक्यं जुळत होती ना. चारशे लोक न बघता बोलले म्हणून मी दोन वर्षं चडफडत होते. त्यांच्या आधी, त्यांच्याहून शुद्ध मराठीत, एका माणसाला न विचारता मीच बोलले होते.

"त्यांचं नाव काय?" मी विचारलं. "तुमच्या आजोबांचं."

त्यांनी नाव सांगितलं. मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली.

घरी आल्यावर मी विद्याधरला फोन लावला. दोन वर्षांनी. त्यानं उचलला. मीच म्हटलं, "हौदाच्या लेखात एक चूक आहे. दुरुस्ती टाकायची आहे. वर, ठळक अक्षरांत, माझ्या नावानं."

"आता?" तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, म्हातारा वाटला. "सुजा, तो लेख आता कोण वाचतंय?"

"एक माणूस वाचतो," मी म्हटलं. "सांगते, लिहून घे."